टोकदार टोपी

आज दुपारी रान्तालाच्या घरापाशी निको ओसरीला टेकला, पायरीवर बसून डबा खाऊया म्हणाला, आणि मी त्याचा दंड धरून त्याला पुढे ओढला, तेव्हा तुम्ही सगळे दात काढत होतात. म्हातारा भ्यायला म्हणे. भ्यायलो तर भ्यायलो! घोड्याएवढं मूस हरीण अंगावर धावून आलं तरी माझ्या बंदुकीची नळी हलत नाही, हे तुम्ही पाहिलंय. पण त्या घरापाशी मी थांबत नाही. का, ते सांगतो. शेगडीत दोन ओंडके टाका आधी. आणि निको, तो मोबाइल ठेव बाबा खाली, गोष्ट काही त्यात सापडायची नाही.

हे माझ्यावर गुदरलेलं नाही. रायमो हेइकुरावर गुदरलंय. सीमेकडच्या रस्त्यावरचा बर्फ काढायचा, तोच रायमो. तुमच्यातल्या निम्म्यांच्या गाड्या त्यानं खड्ड्यातून ओढून काढल्यात. आठवड्यात दहा शब्द बोलला तर खूप. खोटं बोलायला त्याला जास्त शब्द लागतील, म्हणून तो खोटं बोलत नाही. मला त्यानं हे एकदाच सांगितलं, सॉनाच्या वाफेत, अंधारात, माझ्याकडे पाठ करून.

तीन वर्षांपूर्वीचा सहा डिसेंबर. सोमवार होता. पारा उणे सत्तावीस. रायमो दुपारी तालुक्याच्या वृद्धाश्रमात गेला होता, लेम्पीमावशीला भेटायला. मावशी म्हणजे रान्तालाची लेम्पी, रायमोची शेजारीण. पंचाण्णव वर्षांची, लग्न केलं नाही, साऱ्या जन्मात त्या घरातून हलली नव्हती. त्याच शरद ऋतूत पाय मोडला म्हणून तिला तिथे आणलं होतं. रायमोनं दार उघडून आत पाऊल टाकलं, तोच ती ओरडली.

"टोपी!"

रायमोनं निमूट टोपी काढली.

"साठीचा घोडा झालास, तरी शिकवावं लागतं. आमची आई टोपी घालून कुणाला उंबरा ओलांडू द्यायची नाही. ओसरीवरच्या खिळ्याला टोपी, मग माणूस आत. पाद्री आला तरी हेच."

"चुकलं, मावशी."

"बस. कॉफी घे. कॉफी कसली, भांडी धुतलेलं पाणी आहे. आणि कान देऊन ऐक, तुझ्याकडे काम आहे."

काम साधंच होतं. संध्याकाळी सहाला तिच्या घरी जायचं आणि तळ्याकडच्या खिडकीत दोन मेणबत्त्या लावायच्या. सहा डिसेंबरला आपण सगळेच लावतो. स्वातंत्र्याचा दिवस म्हणून लावतो, असं निको सांगेल. पण जुनी माणसं सांगायची की खिडकीतल्या दोन मेणबत्त्या ही शिपायासाठी खूण होती. लपूनछपून निघालेल्या पोरानं ओळखावं, या घरात आसरा आहे, इथलं दार वाजवावं.

"लावतो की," रायमो म्हणाला.

"लावून पळायचं नाही. विझेपर्यंत थांबायचं. दार वाजलं की उघडायचं."

"कोण येणारे एवढ्या थंडीत?"

"ओइवा."

ओइवा म्हणजे मावशीचा थोरला भाऊ. चर्चच्या आवारात लढाईत मेलेल्या शिपायांच्या थडग्यांची रांग आहे ना, त्यात त्याचा दगड आहे. एकोणीसशे एकोणचाळीसचा डिसेंबर. लहानपणापासून रायमोनं नाताळच्या आदल्या दिवशी त्या दगडापाशी दिवा लावला होता.

"मला वेड लागलेलं नाही," मावशी म्हणाली. "तिथे पुरलाय ते ठाऊक आहे मला. पण येतो घरी. दरवर्षी याच रात्री. दार वाजवतो. आणि दरवर्षी मी आतून कडी धरून उभी राहते रे... छाती होत नाही. आता माझ्यानं तिथवर जाववत नाही. तू उघड. त्याला आत घे. अंगावर काय आहे, डोक्यावर काय आहे, बघू नकोस. फक्त आत घे."

तिचे डोळे भरले होते. रायमो म्हणतो, त्या बाईला रडताना त्यानं तेव्हाच पाहिलं.

"आणि कुऱ्हाड घरात ठेवू नकोस. ऐकतोयस? कुऱ्हाड बाहेर."

"बरं."

"एवढं झालं की मी सुटले. नाहीतर ही इथली पातळ लापशी आणखी एक वर्ष गिळायची. तुला दया येऊ दे."

म्हाताऱ्या माणसाला आपण हो म्हणतो, तसं रायमो हो म्हणाला.

साडेपाचला तो रान्तालाला पोचला. घर बंद राहून गारठून गेलं होतं. भिंतींच्या आतून बर्फ धरला होता. चुलीशेजारी लाकडं होती, पण ढलप्या नव्हत्या. तो खोपटात गेला, कुऱ्हाड घेतली, चार ओंडके फोडले, ढलप्या उराशी धरल्या, कुऱ्हाड काखेत मारली आणि घरात आला. चूल पेटवायच्या घाईत ती दाराशी टेकवून ठेवली. मावशीचं बोलणं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. लाकूड फोडणाऱ्या माणसाला कुऱ्हाड म्हणजे स्वतःचा हातच, तो बाहेर ठेवून आत कसा यायचा!

सहाला त्यानं मेणबत्त्या लावल्या. चुलीजवळच्या बाकावर बसला, थर्मासमधली कॉफी ओतली, राय धान्याच्या काळ्या पावावर लोणी फासलं. बसल्या बसल्या त्याची नजर दाराच्या चौकटीकडे गेली. माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, वीतभर लांब, रंग फुगला होता. खाली भेगा बुजवायची लांबी भरलेली. कुणीतरी खोल खाच घाईघाईनं बुजवलेली. हाताखालून सुतारकाम गेलेला माणूस, त्याला ते खटकलं. उन्हाळ्यात नीट करून देऊ, असं त्यानं मनात म्हटलं.

साडेसहा झाले असतील.

तळ्याकडून आवाज आला. स्कीचा. कडक बर्फावरून जुन्या लाकडी पट्ट्या घसटत येतात ना, तसा. लांबून. सावकाश. मधेच थांबायचा... पुन्हा सुरू. दमलेल्या माणसाचा.

गावातली पोरं असतील, रायमोला वाटलं.

आवाज अंगणात आला. स्की बर्फात रोवल्याचा खस् असा आवाज झाला. मग पायऱ्या वाजल्या. आणि वास आला. बंद दारातून, बंद खिडकीतून. दारूगोळ्याचा वास. त्याखाली उकडलेल्या कोबीचा. आणि त्याखाली... मूस सोलताना येतो तो. ताज्या रक्ताचा.

दार वाजलं.

ठक ठक...

ठक.

रायमो उठला. उठता उठता त्यानं दाराशेजारच्या त्या खिडकीकडे पाहिलं. दोन ज्योतींच्या मधे, काचेच्या पलीकडे, एक डोकं होतं. डोकं माणसाचं, पण वर निमुळतं होत गेलेलं. टोकदार टोपी. कपाळावर लाल तारा. तुम्ही शाळेच्या पुस्तकात चित्र पाहिलं असेल, त्या हिवाळ्यात सीमा ओलांडून चालून आलेल्या शत्रूच्या शिपायांच्या डोक्यावर हीच असायची. ह्या भागातल्या माणसाला ती टोपी ओळखायला पुस्तक लागत नाही. आईच्या दुधातून आलेली ओळख आहे ती.

रायमोनं दाराकडे पाहिलं.

कडी लावलेली नव्हती. बाहेरच्या धक्क्यानं दार उघडलं.

उंच माणूस. अंगावर जाड कापसाचा कोट, छातीपासून गुडघ्यापर्यंत रक्तानं भिजून थिजलेला, चालताना पत्र्यासारखा करकरणारा. पाठीला रायफल. कमरेला सुरा. चेहरा टोपीच्या सावलीत. त्यानं एक पाय उचलला... उंबऱ्याच्या आत टाकायला...

कुऱ्हाड हातात कशी आली, ते रायमोला आजही सांगता येत नाही.

त्यानं हाणली. दोन्ही हातांनी, पूर्ण ताकदीनं, वरून खाली. टोपी फाटल्याचं त्याला कळलं. हाड फुटल्याचं कळलं, हाताला झिणझिण्या आल्या. पातं कवटीतून उतरून चौकटीत घुसलं. गरम रक्त तोंडावर उडालं. माणूस गुडघ्यावर आला. टोपीची दोन शकलं दोन बाजूंना झुकली आणि मधे चेहरा दिसला. पोरगा. विशीचा. भुवयांवर हिम. आश्चर्यानं उघडे डोळे.

"बाबा..." तो म्हणाला. "मी आहे."

आणि कुणी नव्हतं.

दार उघडं. थंडी आत येत होती. रायमोनं तोंड पुसलं, हात कोरडा. उंबरा कोरडा. कुऱ्हाड मात्र चौकटीत रुतली होती, वीतभर, बरोब्बर त्या बुजवलेल्या खाचेत. लांबीचे तुकडे खाली पडले होते.

त्यानं दार ओढून घेतलं, टेबलापाशी गेला आणि आश्रमात फोन लावला. रात्रपाळीची नर्स वैतागली, तरी तिनं मावशीच्या कानाला फोन लावला.

"मारलंस," मावशी म्हणाली. तिनं विचारलं नाही, सांगितलं.

रायमो रडत होता.

"सांगितलं होतं ना रे तुला... कुऱ्हाड बाहेर ठेव म्हणून..."

"मावशी, तो बाबा म्हणाला."

मग तिनं सांगितलं. ऐंशी वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते.

ओइवा वीस वर्षांचा होता. नदीतून ओंडके सोडायच्या कामावर असायचा, धावत्या ओंडक्यावर उभा राहून बायकांना टोपी उडवून दाखवायचा, आईच्या शिव्या खायचा. लढाई लागली तेव्हा सरकारनं त्याला एक पट्टा दिला, टोपीला लावायचं चिन्ह दिलं आणि रायफल दिली. बाकी कपडे घरचेच, आईनं विणलेला स्वेटर. त्याची तुकडी दोन तळ्यांमधल्या अरुंद वाटेवर होती. बर्फावरून माणसं यायची, मशीनगननं ती पडायची, पडलेल्यांवर चढून पुढची यायची. तिसऱ्या दिवशी गोळ्या संपल्या तेव्हा फावड्यांनी मारामारी झाली. आर्तुरी नावाचा त्याचा सोबती वाचला, त्यानं नंतर लेम्पीला हे सगळं सांगितलं. सहाव्या रात्री ते दोघं शत्रूच्या स्वयंपाकाच्या गाडीवर चालून गेले. ओइवानं आचाऱ्याच्या मदतनिसाचा गळा सुऱ्यानं कापला. त्याच्याच वयाचा होता तो. मग भुकेनं तिथेच उभं राहून त्याच्या हंड्यातलं कोबीचं सार ओरपलं. आणि तिथेच ओकला.

स्वेटर भिजून गोठला होता. टोपी मारामारीत गेली होती. आर्तुरी म्हणाला, ह्या मेलेल्याचा कोट घे, टोपी घे, नाहीतर सकाळपर्यंत मरशील. त्यानं घेतली. आणि त्याच्या पुढच्या रात्री तारायंत्राची तार तुटली, म्हणून गावात निरोप पोचवायला अधिकाऱ्यानं ओइवालाच धाडला. तळ्यावरून वाट होती. वाटेत घर होतं.

घरात तेव्हा बाप आणि लेम्पी दोघंच होती. आई गुरं घेऊन आतल्या भागात गेली होती. ही दोघं मागे राहिली, कारण लढाईत मेलेले शिपाई त्यांच्या सॉनात आणत. आपल्याकडे पडलेला पोरगा त्याच्या गावी परत पाठवायची रीत. बर्फात लाकूड झालेली मढी मंद आचेवर मऊ करायची, धुवायची, हात छातीवर आणायचे, पेटीत घालायची. तेरा वर्षांची लेम्पी पाणी तापवून द्यायची. दर मढ्याचं तोंड बघायची, ओइवा तर नाही ना.

खिडकीतून उजेड दिसता कामा नये, असा हुकूम होता. पण सहा डिसेंबर होता. बाप सॉनात असताना लेम्पीनं दोन मेणबत्त्या लावल्या. भावाला वाट दिसावी म्हणून.

"त्याला दिसल्या रे," मावशी म्हणाली. "म्हणून तर आला."

बाप आत आला, उजेड पाहून संतापला, तेवढ्यात अंगणात स्की थांबल्या आणि काचेवर टोकदार टोपी दिसली. बापानं कुऱ्हाड उचलली. दार वाजलं. ठक ठक... ठक. ओइवा लहानपणापासून तसंच वाजवायचा.

"मी ओळखलं होतं. बाबांनी नाही, मी ओळखलं होतं. मला ओरडायचं होतं, ओइवा, टोपी काढ. एवढंच. आई रोज ओरडायची तसं. टोपी काढली असती तर बाबांना केस दिसले असते... आवाजच फुटला नाही."

मग बापानं काय केलं? कोट आणि टोपी चुलीत घातली. लेम्पीनं ती जळताना पाहिली, तारा लाल होऊन वाकताना पाहिला. पोराला उचलून सॉनात नेलं आणि रांगेत ठेवलं. सकाळी मदतीला गावच्या बायका आल्या, त्यांनी त्यालाही धुतलं. डोक्याची जखम पाहून कुणी काही विचारलं नाही, सगळीच तशी होती. पेटी चर्चमध्ये गेली, बंदुका झडल्या, दगडावर नाव कोरलं. बापानं पुढे मरेपर्यंत कुऱ्हाडीला हात लावला नाही. घरातलं लाकूड आई फोडायची. का, ते तिनं कधी विचारलं नाही.

"मेणबत्त्या विझल्या का?" मावशीनं विचारलं.

"नाही. निम्म्या आहेत."

"मग तो परत येईल. जळताहेत तोवर येत राहतो. रायमो... जाऊ नकोस रे."

गाडीची किल्ली रायमोच्या खिशात होती. त्यानं मला सांगितलं, किल्ली मुठीत धरली होती. तळ्याच्या बाजूनं जायचं नव्हतं, रस्ता दुसरीकडे, दोन मिनिटांत तो घरी गेला असता. त्यानं किल्ली टेबलावर ठेवली. तिच्याशेजारी फोन ठेवला, स्पीकर चालू करून. चौकटीतली कुऱ्हाड हलवून हलवून काढली. दार उघडलं आणि ती जीव खाऊन अंधारात भिरकावली. बर्फात कुठेतरी धप्प झालं.

तळ्यावर स्की घसटत होत्या.

तो उघड्या दारात उभा राहिला. रिकाम्या हातांनी. पळालो नाही कारण पाय हलत नव्हते, असं तो म्हणतो. मला नाही तसं वाटत.

अंगण. खस्. पायऱ्या.

ह्या वेळी दार वाजवायचं कारण नव्हतं. तो समोरच आला. टोपी फाटलेली होती. कवटीही. त्या फटीतून वाफ निघत होती. एक डोळा जागेवर नव्हता. हात कमरेच्या सुऱ्यावर गेला... रायमो सांगतो, तेव्हा त्याला ते सगळं ऐकू आलं. बर्फावर पडणारी माणसं. हाडावर फावडं. गळा कापताना येणारा तो ओला आवाज... त्या पोराच्या अंगातून येत होतं ते. सात दिवसांचं.

तो उंबऱ्याशी थांबला.

ये, म्हणायचं होतं रायमोला. तोंड उघडलं...

आवाज फुटला नाही.

सुरा बाहेर आला.

आणि टेबलावरून कुणीतरी ओरडलं. रायमो शपथेवर सांगतो, तो पंचाण्णव वर्षांच्या बाईचा आवाज नव्हता.

"ओइवा! टोपी! टोपी काढून ये!"

शांत.

सगळं शांत... ती फावडी, तो ओला आवाज, सगळं.

हात सावकाश वर गेला. डोक्याकडे.

रायमोनं डोळे मिटले. त्याच्या खांद्याला घासून काहीतरी गार आत गेलं. चुलीजवळचा बाक करकरला, दमलेला माणूस बसल्यावर करकरतो तसा. मग एक मेणबत्ती विझली. मग दुसरी.

फोनवर श्वास ऐकू येत नव्हता.

"मावशी?"

...

"मावशी, आला तो. आत आला."

...

थोड्या वेळानं नर्सचा आवाज आला. "हॅलो, कोण बोलतंय? लेम्पीबाई गेल्या हो. आत्ताच. उठून बसल्या होत्या चक्क..."

रायमोनं बाकाकडे वळून पाहिलं नाही. चुलीत दोन ओंडके मात्र घातले, पोरगा गारठलेला होता म्हणून. मग तो बाहेर आला आणि दार ओढून घेताना त्याच्या हाताला काहीतरी लागलं. ओसरीवरच्या खिळ्याला टोपी लटकत होती. टोकदार. शेंड्यापासून ताऱ्यापर्यंत चिरलेली. ऐंशी वर्षांपूर्वी चुलीत जळून राख झालेली.

ती अजून तिथेच आहे. निको, तू दुपारी टेकून उभा होतास ना, तुझ्या डोक्याच्या वर वीतभर. मी पाहिली. ह्या प्रदेशात कुणी ती काढत नाही, आणि त्या दाराला कुलूपही लावत नाही. आमच्याकडे टोपी बाहेर खिळ्याला असली, की माणूस घरात असतो.